शिट्टी तोंडात आणि दोरी बोटांत

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय २०. रोज बसने बेळगावला येते. बी.कॉम.चं पाचवं सेमिस्टर चालू आहे. पीयूसीपासून (अकरावी-बारावीपासून) बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड, म्हणजे साध्या धनुष्याचा आपला देशी प्रकार, मारते. जूनमध्ये सरांनी मला युनिव्हर्सिटीच्या आर्चरी क्लबची कॅप्टन केलं. तेव्हा ३० मीटरवर ३६ बाणांत ३१० च्या आसपास गुण पडायचे. आता २७० पडले तरी खूप झालं म्हणते. बाणाचं टोक लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यावर यायच्या आधीच बोटं सुटतात. थांबायचं ठरवलं तरी थांबत नाहीत.

क्लबात आम्ही २२ जण आणि धनुष्यं ९. त्यांत रिकर्व्ह (ऑलिम्पिकमधली, टोकं पुढे वळलेली धनुष्यं) दोनच, ती कुणी घ्यायची यावरून रोज वाद. मागच्या वर्षीचा कॅप्टन मनाला येईल तेव्हा लाईनवर उभा राहतो, शिट्टी मारली तरी ऐकत नाही. ग्रुपवर मी सूचना मराठीत टाकते, कारण निम्म्याहून जास्त मुलं खानापूर-निपाणीकडची आहेत. गोकाक-अथणीकडच्या कन्नड मुलांनी सरांना विचारलं, हा मराठी लोकांचाच क्लब आहे काय? सहा आठवड्यांनी संघनिवड आहे. माझी जिवाभावाची मैत्रीण काठावर आहे. तिला घेतलं तर बाकीचे बोलतील, नाही घेतलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. सर म्हणतात, अर्जुनासारखा फक्त डोळा बघ. आई म्हणते, पद सोड आणि पुस्तकं उघड. मी राजीनामा देऊ काय? – एक कॅप्टन

उत्तर:

बाळ,

राजीनामा आज देऊ नकोस. द्यायची वेळ आलीच तर कसा द्यायचा ते शेवटी सांगते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात दोन गोष्टी तू वेगवेगळ्या म्हणून लिहिल्यास: जूनमध्ये कॅप्टन झालीस आणि तेव्हापासून गुण उतरले. मला त्या एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतात. तू दोरी ओढतेस तेव्हा तुझे कान कुठे असतात, हे उद्या मैदानावर जरा बघ. मागे कोण हसलं, शेजारच्या लाईनवर कुणी पाय पुढे टाकला, रिकर्व्हवरून आवाज चढला का, हे सगळं तू ऐकत असणार. कॅप्टनने ते ऐकलंच पाहिजे. पण ज्याच्या बोटांत दोरी ताणलेली आहे त्याने ते ऐकायचं नसतं. शिट्टी तोंडात ठेवून तू बाण मारतेयस. अशा वेळी मनाला एकच घाई असते, हा बाण एकदाचा जाऊ दे म्हणजे मागे वळून बघता येईल. बोटं ती घाई ऐकतात.

याला आर्चरीत टार्गेट पॅनिक म्हणतात. तुला वाटतंय तसा हा हाताचा दोष नाही आणि तुझी विद्याही गेलेली नाही. पिवळा दिसला की सोड, अशी गाठ मेंदूने बांधून टाकलेली असते. आधी दोरी पिवळ्यावर स्थिर झाल्यावर सुटते, मग पिवळ्याला टेकताच, मग टेकायच्याही आधी. काहींचं नेमकं उलटं होतं, टोक पिवळ्याच्या खाली अडकतं आणि वर म्हणून जात नाही. रिकर्व्हवाल्यांकडे क्लिकर असतो. बाण पुरता ओढला की ती पातळ पट्टी टक् करते आणि त्या आवाजावर सोडायचं असतं, म्हणजे सोडण्याचा निर्णय डोळ्याकडून काढून कानाकडे दिलेला असतो. बांबूच्या धनुष्याला क्लिकर नाही, नेम धरायची साईट नाही. इंडियन राउंडवाल्याला सगळं स्वतःच्या अंगातच बसवावं लागतं, म्हणून ही गाठ पडली की सोडवणंही जास्त जिकिरीचं. मला ती दोन मोसम चिकटली होती. पहिल्या मोसमात मी एकच चूक केली, रोज जास्त बाण मारले. शंभरच्या जागी दीडशे. सुटणाऱ्या बोटांनी दीडशे बाण मारले म्हणजे सुटण्याचाच दीडशे वेळा सराव झाला.

म्हणून पहिला आठवडा तू लक्ष्याचा कागद बघायचा नाही. बटवरचा (बाण रुततात त्या भरलेल्या फळीवरचा) कागद काढून टाक आणि चार-पाच पावलांवर उभी राहा. बट खांद्याच्या उंचीला असू दे, म्हणजे बाण इकडेतिकडे जाण्याचा प्रश्नच राहत नाही. ओढ, हात हनुवटीखाली नेहमीच्या जागी टेकव, डोळे मीट, पाठीची दोन्ही हाडं एकमेकांकडे सरकतायत ते जाणव आणि मग सोड. बाण कुठे लागला ते बघू नकोस. सुटल्यावर मागचा हात कुठे गेला ते बघ. तो मानेच्या बाजूने कानामागे गेला असेल तर पाठीने सोडलंय. पुढे उडाला असेल तर बोटांनी सोडलंय. असे दिवसाला तीस-चाळीस बाण पुरे.

दुसऱ्या आठवड्यापासून त्यात एक भर घाल. ३० मीटरवर कागदासमोर उभी राहा, ओढ, टोक पिवळ्यावर ने, मनात तीन मोज आणि न सोडता धनुष्य उतरव. हळू उतरव. चुकून रिकामी दोरी सुटली तर धनुष्याच्या पात्याला तडा जाऊ शकतो आणि बांबूचं धनुष्य तर मोडूही शकतं, म्हणून बाण लावलेला असू दे आणि समोर बट असू दे. पहिले दोन दिवस तुला घाम फुटेल, काही बाण सुटूनही जातील. सुटू देत, मोजू नकोस. पिवळा दिसला तरी मी न सोडता राहू शकते, एवढंच मेंदूला कळायला हवंय. तीन वेळा उतरवायचं आणि चौथ्या वेळी मारायचं, हे तिसऱ्या आठवड्यात. त्यानंतर हळूहळू पूर्ण राउंडला ये. सहा आठवडे आहेत तुझ्या हाताशी. घाई केली नाहीस तर पुरतील.

पण हे क्लबच्या वेळात करू नकोस. इथे मी तुझ्या सरांच्या अर्जुनाकडे येते. फक्त डोळा दिसतो हे उत्तर बरोबर आहे आणि लाईनवर उभी असताना तुला तेच द्यायचंय. त्या गोष्टीत आणखी एक माणूस मात्र झाडाखाली उभा होता. कोण काय बघतोय, कुणाला कधी पुढे बोलवायचं, बाण कधी सोडायला सांगायचं हे तो बघत होता, आणि त्या दिवशी त्याने स्वतः एकही बाण मारला नाही. तुझे सर तुला अर्जुन व्हायला सांगतात आणि द्रोणांचं काम हातात देतात. दोन्ही कामं तू करू शकतेस, एकाच घटकेला नाही. आठवड्यातले तीन दिवस क्लब असेल तर त्या तीन दिवसांत पहिला सगळा वेळ तुझ्या गळ्यात शिट्टी आणि हातात वही, धनुष्य पिशवीत. शेवटचा अर्धा तास शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि मग लाईनवर जायचं. त्या अर्ध्या तासात पाठीमागे आभाळ कोसळलं तरी ते शिट्टीवाल्याने बघायचं. उरलेले दिवस तुझे एकटीचे, क्लबातलं कुणी नको.

शिट्टी दुसऱ्याला द्यायची म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा येईल. मला माहीत आहे, कारण नवा कॅप्टन शिट्टी सोडत नाही. दे. आणि गोकाक-अथणीकडच्या एखाद्या मुलाला दे. का ते पुढे येतंय.

आधी त्या जुन्या कॅप्टनचं. पत्रात तू त्याला एक ओळ दिलीस आणि भाषेच्या वादाला तीन. मी उलट केलं असतं. शिट्टी न ऐकणारा माणूस मैदानावर असणं हा मानापमानाचा विषय नाही. रिकर्व्हमधून सुटलेला बाण ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. बांबूचा त्याहून हळू जातो, पण माणसाला लागायला तेवढा वेग भरपूर आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या मैदानावर शिट्टी माझ्याकडे होती. तीन शिट्ट्या मी घाईने मारल्या, लाईनवर सगळे मोकळे झालेत का हे न बघता. एक मुलगी बाण काढायला निघाली आणि टोकाच्या मुलाने ओढलेला बाण सोडला. तिच्या आणि बटच्या मधून तो गेला. कुणाला काही झालं नाही. ती मुलगी आज दोन मुलांची आई आहे आणि ती भेटली की मला अजूनही आधी तो बाण दिसतो. त्यात चूक माझी होती, त्या मुलाची नव्हती.

जगभर चालणारा नियम तुला ठाऊक आहे, तरी इथे लिहिते, कारण तुझ्या क्लबातल्या २२ जणांना तो झोपेतसुद्धा आठवला पाहिजे. दोन शिट्ट्या म्हणजे लाईनवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे पुढे जाऊन बाण काढा, आणि पाच किंवा जास्त लागोपाठ आल्या की जो जिथे असेल तिथे उतरव, दोरी सैल कर. एकाही माणसाला यातून सूट नाही, युनिव्हर्सिटी ब्लू (विद्यापीठाच्या संघातून खेळलेला) असला तरी नाही. त्या जुन्या कॅप्टनला एकदा बाजूला घे, सगळ्यांदेखत नको, आणि सांग: "दादा, तुम्ही शिट्टीआधी लाईनवर गेलात तर मी पाच शिट्ट्या मारणार आणि त्या दिवसाचा सराव बंद करणार. सगळ्यांचा." एवढं बोलून थांब. आणि खरंच एकदा बंद कर. त्या दिवशी सगळे तुझ्यावर चिडतील. दुसऱ्या दिवशी तेच सगळे त्याला सांगतील. तरीही तो ऐकत नसेल तर हे प्रकरण तुझ्या हातात राहत नाही, लेखी स्वरूपात सरांकडे जातं. त्याच्याकडून एक गोष्ट मात्र मागून घे. मागच्या वर्षी बाण कुठून आणले, बट कुणी भरून दिला, निवडीत काय वाद झाले, हे त्याच्या डोक्यात आहे आणि कुठल्याही वहीत नाही. ज्याचं पद गेलं त्याला कुणी काही विचारत नाही, हेच त्याला सलत असण्याची शक्यता मोठी आहे.

आता भाषा.

मी बेळगावात वाढले. मराठीसाठी घरातल्या मोठ्यांनी काय सोसलं ते माझ्या डोळ्यांसमोरचं आहे आणि मराठी माझ्या जिभेवरून कुणी काढू शकत नाही. म्हणून हे तुला हक्काने सांगते: गोकाकच्या मुलाचा प्रश्न रास्त आहे. त्याला तुझ्या मराठीचा राग नाही. संध्याकाळी साडेपाचला यायचं की साडेचारला, हे त्याला कळलं नाही आणि तो मैदानावर एकटा उभा राहिला, असं काहीतरी घडलं असणार. ऑफिसातून फक्त कन्नडात नोटीस आली की आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचा जीव कसा कासावीस होतो, ते तू पाहिलं आहेस. तीच कासाविशी तू त्याला दिलीस, मनात काही नसताना.

यातून सुटण्याची सोय आपल्या खेळात आधीच आहे, बघ. लाईनवर भाषाच नाही, शिट्टी आहे. दोन, एक, तीन, पाच. लक्ष्याचे रंग आहेत आणि आकडे आहेत. बाण हा शब्दसुद्धा दोन्हीकडे बाणच. भाषा लागते ती शिकवताना आणि निरोप देताना. निरोप दोन्ही भाषांत टाक, मराठी तू लिही आणि कन्नड त्यांच्यातल्या कुणीतरी. कुणाची ओळ वर यावर वाद नको म्हणून एक दिवस ही वर, एक दिवस ती. आणि शिकवायला दहाबारा शब्द शीक. बिल्लु म्हणजे धनुष्य, गुरी म्हणजे लक्ष्य, भुज म्हणजे खांदा, मोणकै म्हणजे कोपर, उसिरु म्हणजे श्वास, मेल्लगे म्हणजे हळू, निल्ली म्हणजे थांबा. अथणीकडच्या पोरीचा खांदा वर चढलेला असताना तिच्या कानाशी "भुज, मेल्लगे" एवढंच म्हण. खांदा खाली येतो की नाही बघ. तुझा उच्चार चुकेल, ती हसेल आणि दुरुस्त करेल. त्या दुरुस्तीनंतर हा क्लब कुणाचा हे सरांना विचारायला ती जाणार नाही. शिट्टी त्यांच्यातल्या एकाला द्यायला सांगितलं ते याचसाठी. त्याच्या गळ्यात शिट्टी आहे आणि तू लाईनवर उभी राहून त्याचं ऐकतेयस, हे सगळ्यांनी बघितलं की ग्रुपवर दहा खुलासे लिहावे लागत नाहीत.

एक नोव्हेंबरला सराव ठेवू नकोस. त्या दिवशी बेळगावात एकाच्या घरी कर्नाटक राज्योत्सव असतो आणि दुसऱ्याच्या घरी मराठी माणसांचा काळा दिवस. कुणी मिरवणुकीत असेल, कुणी सायकल फेरीत. कोण कुठे गेला हे क्लबाने विचारायचं नाही आणि हजेरीवहीत त्या तारखेचा रकानाच नसू दे. दोन तारखेला सगळे या म्हणावं.

गटबाजीची किंमत काय असते ते आपल्याच खेळात झालेलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जागतिक संघटनेने भारतीय तिरंदाजी संघटनेला निलंबित केलं, कारण इथे दोन गट होते आणि दोघेही आम्हीच खरे म्हणत होते. त्या नोव्हेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपले तिरंदाज तिरंग्याविना, जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली उतरले. दीपिका कुमारीने तिथे टोकियो ऑलिम्पिकची जागा मिळवली ती त्याच झेंड्याखाली. निलंबन जानेवारी २०२० मध्ये उठलं. भांडले खुर्चीवाले आणि झेंडा गेला मारणाऱ्यांचा.

धनुष्यांचा वाद मला त्यामानाने सोपा वाटतो, पण त्यात एक तांत्रिक बाजू आहे जी तुझ्या पत्रात नाही. रिकर्व्ह कुणी घ्यायचं हे मानावर ठरत नाही, पाउंडवर, म्हणजे धनुष्य ओढायला किती जोर लागतो त्यावर, आणि बाणाच्या कडकपणावर ठरतं. सुटताना बाण वाकतो, धनुष्याला वळसा घालून मग सरळ होतो. २४ पाउंडच्या धनुष्याला साजणारा बाण ३६ पाउंडवर लावला तर तो जास्त वाकेल आणि एका बाजूला जाईल, मग मारणारा स्वतःला दोष देत बसेल. क्लबातले बाण एकाच डब्यात ठेवत असाल तर ते आजच थांबव. प्रत्येक धनुष्याचे बाण वेगळे बांध, पिसांजवळ रंगाची पट्टी लाव, धनुष्यालाही तोच रंग. वहीत लिही की हे लाल धनुष्य, ओढ एवढी, सोमवारी हे दोघे, बुधवारी ते दोघे. ज्याच्या अंगात ३६ पाउंड ओढायची ताकद अजून आलेली नाही, त्याने रिकर्व्हची हौस म्हणून ते घेतलं तर खांदा धरेल. असं सांगितलं तर राग येत नाही, कारण नकार तुझा नसतो, खांद्याचा असतो.

आणि पाऊस. आषाढ-श्रावणात खानापूर-जांबोटीकडे काय हवा असते ते मी तुला सांगायला नको, कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. बांबू त्या हवेत मऊ पडतो आणि दोरी चढवून ठेवला तर वाकडा होऊन तसाच राहतो. सराव संपला की दोरी उतरवायची, अंग पुसायचं, दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं, कोपऱ्यात उभं नाही. जुलैत तुझे गुण उतरले त्यातला थोडा वाटा या दमट बांबूचाही असू शकतो. तेच धनुष्य आता उन्हाच्या दिवसांत परत जोर धरेल, तेव्हा टोक कुठे धरायचं ते नव्याने बघून घे. पुढच्या पावसाळ्यासाठी सरांकडून आत्ताच एखादा हॉल मागून ठेव. १८ मीटर मिळाले की बस, जगात इनडोअर स्पर्धा तेवढ्याच अंतरावर होतात.

मैत्रिणीचं लिहिताना तुझं अक्षर बदललंय, ते मला दिसलं. निवड तू करूच नकोस. आपल्या खेळावर देवाची एवढी कृपा आहे की इथे कुणाच्या डोळ्यात भरावं लागत नाही, आकडे पडतात. चार वेगवेगळ्या दिवशी चाचणी घे, एकाच दिवशी नको. एखादा दिवस कुणाचाही वाईट जातो. प्रत्येक बटवर चौघे, दोघांनी वेगवेगळं लिहायचं, बाणाला हात लावायच्या आधी गुण वाचायचे, रेघेला टेकला असेल तर वरचा आकडा. चौघांच्या सह्या झाल्या की कागद भिंतीवर. आणि ही पद्धत पहिल्या चाचणीच्या आधी सगळ्यांना दोन्ही भाषांत सांगायची, नंतर नाही. टोकियोत काय झालं ते मैत्रिणीला सांग. मिश्र जोडीत दीपिकाबरोबर अतनू दास असणार असं सगळे धरून चालले होते. दोघं नवरा-बायको, सराव बरोबरचा. पात्रता फेरीत अतनूचे ६५३ आणि फलटणजवळच्या सरडे गावच्या प्रवीण जाधवचे ६५६. तीन गुणांनी जोडी बदलली. त्यावर लोक बरंच बोलले, अजूनही बोलतात. पण मजुरी करणाऱ्या आईबापांच्या त्या मुलाला, तू इथे कुणाच्या ओळखीने उभा आहेस, असं कुणी विचारू शकलं नाही.

मैत्रीण तरीही काही दिवस बोलणार नाही, हे धरून चाल. तू तिला आज, निकालाच्या आधी, एकदा घरी जाऊन भेट. बसस्टँडवर नको, मैदानावर नको. सांग की मी निवडणार नाहीये, मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही, आणि चाचणीच्या दिवशी मी तुझ्या बटवर गुण लिहायला नसेन. ती रागावली तर रागावू दे. निकाल लागल्यावर ऐकण्यापेक्षा हे आज ऐकलेलं तिला बरं.

आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. तुझं शिक्षण हे त्या घराने ओढलेलं धनुष्य आहे, आणि बस आता बायकांना फुकट असली तरी खानापूरहून येण्याजाण्यातला वेळ फुकट नाही. क्लबचे तीन दिवस, तुझे दोन, आणि उरलेले दोन दिवस मैदानाचं नाव नको, ग्रुपसुद्धा बंद. इंटर्नलच्या आठवड्यात क्लब उपकॅप्टनने चालवायचा. उपकॅप्टन नाही म्हणतेस? मग आधी तो नेम. आईला हे वेळापत्रक कागदावर लिहून दाखव, तोंडी वचन देऊ नकोस, आपल्या तोंडी वचनांवर आयांचा विश्वास कधीच उडालेला असतो.

आता राजीनाम्याचं. हे सगळं दिवाळीपर्यंत करून बघ. तेव्हाही दोरी ओढताना तुझे कान मागेच असतील, रात्री झोप लागत नसेल, तर पद सोड, धनुष्य सोडू नकोस. पद दुसरा घेईल, तुझा बाण दुसरा मारू शकत नाही. सोडशील तेव्हा रागाच्या भरात ग्रुपवर चार ओळी टाकून जाऊ नकोस. सरांना आठ दिवस आधी सांग. मग एका संध्याकाळी नव्या कॅप्टनला घेऊन खोली उघड, बाण एकेक करून मोज, मोडके वेगळे काढ, नऊ धनुष्यांच्या दोऱ्या त्याच्यासमोर बघ, वहीत आकडा लिही आणि दोघांनी सही करा. किल्ली त्यानंतर दे.